एका फार्दिंगचा निकाल

१८२६ साली एडिंबरा विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस चार्ल्स होप यांनी शहरातल्या स्त्रियांसाठी व्याख्याने ठेवली. प्रयोग करून दाखवण्यात होप वाकबगार, त्यामुळे त्यांच्या वर्गाला गर्दीचा तोटा कधीच नव्हता. घरंदाज बायका शुल्क भरून आल्या, वायूंचे आणि ज्वाळांचे खेळ पाहून गेल्या आणि बराच पैसा जमला. तो होप यांनी खिशात घातला नाही. रसायनशास्त्रात वर येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यातून ‘होप शिष्यवृत्ती’ सुरू झाली. ती मिळवणाऱ्याला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फुकट काम करता येई.

१८७० मध्ये या शिष्यवृत्तीवर एका मुलीचा हक्क आला. नाव एडिथ पीची, वय चोवीस, इसेक्समधल्या एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी, आधीची नोकरी शिकवण्याची. निकालात तिच्या वर दोघेच होते, आणि त्या दोघांनी हा विषय आधी एकदा केलेला असल्याने पहिल्यांदा बसलेल्यांत ती अव्वल ठरत होती. प्राध्यापक क्रम ब्राऊन यांनी तिला ब्राँझचे पदक दिले. शिष्यवृत्ती मात्र तिच्या खाली आलेल्या मुलांना. कारण असे की मुलींना वेगळ्या तासाला शिकवले होते, म्हणून त्या ‘वर्गात’ धरता येत नाहीत. व्याख्याने तीच, परीक्षा तीच, शिकवणारा तोच. मुलींचा तास वेगळा घ्यायचा, हा नियमही विद्यापीठाचाच. बायकांनी भरलेल्या शुल्कातून उभ्या राहिलेल्या बक्षिसाला बाई चालेना.

वैद्यकशास्त्र शिकू पाहणाऱ्या पहिल्या ब्रिटिश स्त्रियांची ही हकीगत सहसा बंद दरवाजाची हकीगत म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. दरवाजा तर उघडला होता. विद्यापीठाने त्यांची नावे पटावर घेतली होती, फी घेतली होती. झगडा पुढे सुरू झाला, आणि तो फी, प्रमाणपत्रे, प्रयोगशाळा, रुग्णालयातल्या खाटा अशा रुक्ष गोष्टींवरून झाला. प्रवेश देऊनही शिक्षण न देण्याच्या किती वाटा एखाद्या संस्थेला सापडू शकतात, त्याचा हा नमुना आहे. आणि त्याचा एक धागा थेट मुंबईच्या कामा हॉस्पिटलपर्यंत येतो.

*

१८५८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये डॉक्टरांची सरकारी नोंदवही सुरू झाली. नोंद हवी तर ब्रिटनमधल्याच मान्य परीक्षामंडळाची पदवी किंवा परवाना हवा. परदेशी पदवी चालत नसे. कायद्याआधीपासून व्यवसाय करणाऱ्यांना तेवढी सवलत होती आणि तिच्या आधारे अमेरिकेत शिकलेल्या एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे नाव १८५९ मध्ये नोंदवहीत आले. पुढे १८६५ मध्ये एलिझाबेथ गॅरेट यांनी औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना मिळवला. त्या संस्थेच्या सनदेत ‘पुरुष’ असे कुठे लिहिलेच नव्हते, आणि वकिलाची भीती दाखवल्यावर संस्थेला परीक्षा घ्यावी लागली. खासगी शिकवणीवर मिळवलेला तो परवाना हाती पडताच संस्थेने नियम बदलला: इथून पुढे मान्य वैद्यकीय शाळेतच शिकलेले असले पाहिजे. मान्य शाळा एकही मुलीला घेत नव्हती.

खुद्द एडिंबराने एक स्त्री-डॉक्टर आधीच घडवला होता म्हणतात, पण नकळत. १८१२ मध्ये इथून पदवी घेतलेले लष्करी सर्जन जेम्स बॅरी १८६५ मध्ये वारले आणि त्यानंतर ते देहाने स्त्री असल्याचे बोलले जाऊ लागले. म्हणजे बुद्धीची अडचण नव्हती, हे विद्यापीठाच्या दप्तरातूनच सिद्ध होत होते. पण दप्तर उलटून बघायला कोणाला वेळ होता!

सोफिया जेक्स-ब्लेक हिची गाठ या सगळ्याशी पडली. जन्म १८४० चा, हेस्टिंग्जचा, घर खाऊनपिऊन सुखी. लंडनच्या क्वीन्स कॉलेजात ती गणित शिकवू लागली तेव्हा वडिलांनी पगार घ्यायला मनाई केली, कारण कुलीन मुलीने कामाचे पैसे घेणे त्यांना शोभेना. पुढच्या आयुष्यात तिने पैशांच्या बाबतीत जी काटेकोर, काहीशी भांडखोर वृत्ती दाखवली तिचे मूळ इथे असावे असे मला वाटते. अमेरिकेत गेल्यावर बॉस्टनला स्त्री-डॉक्टरांनी चालवलेल्या रुग्णालयात तिने काम केले आणि आपण काय व्हायचे हे तिचे तिथे ठरले. १८६७ मध्ये हार्वर्डकडे अर्ज केला, नकार आला. वडील गेल्यामुळे ती परतली आणि मार्च १८६९ मध्ये तिने एडिंबराचे दार ठोठावले.

इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक डेव्हिड मॅसन तिच्या बाजूने उभे राहिले. वैद्यक विभागाने होकार दिला, सिनेटनेही दिला. वरच्या युनिव्हर्सिटी कोर्टाने, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वोच्च कारभारी मंडळाने, अर्ज फेटाळला. एका बाईसाठी एवढी वेगळी सोय कशी करायची, असे त्यांचे म्हणणे पडले. सोफियाने त्या वाक्यातला ‘एका’ तेवढा उचलला आणि आणखी बायका हव्यात असे आवाहन वृत्तपत्रांतून केले.

आल्या. इझाबेल थॉर्न आली. ती चहाच्या व्यापाऱ्याची बायको, शांघायला राहिलेली, तिथे तिचे एक मूल दगावले होते आणि बायकामुलांसाठी बाई डॉक्टर हवी हे तिला तिथेच पटले होते. मटिल्डा चॅप्लिन आली, हेलन इव्हान्स आली, मागाहून मेरी अँडरसन आणि एमिली बोव्हेल. एडिथ पीचीने आधी पत्र लिहिले. आपली बुद्धी बेताची आहे, चिकाटी मात्र बरी आहे, तेवढ्यावर चालेल का, असा तिचा सूर होता. ऑक्टोबर १८६९ मध्ये प्रवेशपरीक्षा झाली. १५२ उमेदवार बसले, त्यांत बायका पाचच. पहिल्या सात क्रमांकांत चार बायका होत्या.

नोव्हेंबरात विद्यापीठाने नियम केले. बायकांना वैद्यक शिकता येईल. वर्ग वेगळे असतील. प्राध्यापकांना हे वेगळे वर्ग घेण्याची मुभा राहील. विद्यार्थिनींची संख्या कमी पडून प्राध्यापकाला नेहमीच्या दराने पुरेसा मोबदला सुटत नसेल, तर जास्त फी ठरवता येईल.

या नियमांतला सापळा ‘मुभा’ या शब्दात होता. मुभा होती, सक्ती नव्हती. पदवीसाठी बहुतेक विषय विद्यापीठाच्याच प्राध्यापकांकडे व्हावे लागत. बाहेरच्या मान्य शिक्षकांकडे ठरावीकच विषय करता येत. प्राध्यापकाने ‘मला वेळ नाही’ म्हटले की पदवीचा रस्ता संपला, आणि कोणी नियमही मोडलेला नाही. फीच्या कलमाने उरलेले काम केले: मुलगा जी फी भरून शंभर जणांत बसतो, त्याच व्याख्यानासाठी मुलीने जास्त मोजायचे, कारण तिच्या वर्गात गर्दी नाही, आणि गर्दी का नाही, तर दुसरीकडून कोणी येऊच देत नाही.

पहिल्या वर्षी तरी काम सुरळीत चालले. बक्लू प्लेसवरच्या १५ नंबरच्या घरात बिऱ्हाड थाटले गेले. रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षांत पाचपैकी चौघी गुणवंतांच्या यादीत आल्या. मग होप शिष्यवृत्तीचे प्रकरण झाले. क्रम ब्राऊन यांनी शिष्यवृत्ती तर नाकारलीच, वर मुलींना नेहमीच्या वर्गाचे प्रमाणपत्रही द्यायचे नाकारले. प्रमाणपत्र नसेल तर पदवीच्या परीक्षेला तो विषय धरलाच जाणार नव्हता. दोन्ही गाऱ्हाणी सिनेटपुढे गेली. प्रमाणपत्र द्यावे, असे एका मताच्या फरकाने ठरले. शिष्यवृत्ती देऊ नये, हेही एकाच मताने. म्हणजे एकाच सभेत, जवळजवळ त्याच माणसांनी, या मुली वर्गात होत्या आणि नव्हत्याही असा निकाल दिला. ब्रिटनभरच्या वर्तमानपत्रांनी यावर लिहिले, आणि तोवर या बायकांचे नावही न ऐकलेली माणसे त्यांची बाजू घेऊ लागली.

विरोधाचे म्होरके होते सर रॉबर्ट ख्रिस्टिसन. माणूस लहान नव्हता. विषशास्त्रात युरोपभर नाव, राणी व्हिक्टोरियाचे स्कॉटलंडमधले वैद्य, संशोधनासाठी स्वतः विषारी कालबार बी खाऊन पाहणारा हिकमती शास्त्रज्ञ. बायकांनी डॉक्टर होऊ नये हे त्यांचे मत प्रामाणिक होते, यात मला शंका नाही. पण ते वैद्यक विभागात होते, सिनेटमध्ये होते, युनिव्हर्सिटी कोर्टात होते आणि रॉयल इन्फर्मरी या शहरातल्या रुग्णालयाच्या मंडळावरही होते. या चारही ठिकाणी बसणारे ते एकटेच. खाली हरलेला ठराव वर जिंकता येई, विद्यापीठात हरलेला रुग्णालयात. समित्यांचा कारभार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला यापुढचे सांगायला नको.

*

शिष्यवृत्तीनंतर खाटांचा प्रश्न आला. डॉक्टरी काही पुस्तकातून येत नाही. नाडी धरायची, छाती ऐकायची, जखम उघडून पाहायची, तर वॉर्डात फिरावे लागते, आणि परीक्षामंडळांचा तसा नियमच होता. एडिंबरात पुरेशा खाटांचे रुग्णालय एकच, रॉयल इन्फर्मरी. १८७० च्या शरदात विद्यार्थिनींनी तिथे शिकण्याची परवानगी मागितली. मुलांनी उलटा अर्ज केला. त्यावर पाचशेहून अधिक सह्या होत्या. व्यवस्थापकांनी नकार दिला.

त्याच दिवसांत, १८ नोव्हेंबर १८७० ला, दुपारी शरीररचनाशास्त्राची परीक्षा होती. हा वर्ग डॉ. हँडीसाइड विद्यापीठाबाहेर, सर्जन्स हॉलमध्ये घेत. बायका तिथे पोचल्या तो रस्ता माणसांनी गच्च. दोनशेंच्या वर जमाव, वाहने अडलेली, दारूच्या बाटल्या हातोहात फिरताहेत, चिखल उडतोय, शिव्या चालल्याहेत. त्या फाटकाशी आल्या आणि फाटक तोंडावर आपटले गेले. आतून एक वर्गबंधू धावत आला, त्याने फाटक उघडले आणि त्या आत शिरल्या. परीक्षा सुरू झाल्यावर दंगेखोरांनी सर्जन्स हॉलच्या आवारात पाळलेली मेंढी वर्गात ढकलली. हँडीसाइड म्हणाले, राहू द्या तिला. जे तिला पाठवताहेत त्यांच्यापेक्षा तिला अक्कल जास्त आहे. परीक्षा मेंढीसकट पार पडली. संपल्यावर मागच्या दाराने जाणार का, असे त्यांना विचारण्यात आले. त्या पुढच्या दाराने निघाल्या आणि बाजूने असलेल्या वर्गबंधूंनी त्यांना घरी पोचवले. पुढचे काही दिवस आयरिश विद्यार्थ्यांची एक तुकडी रोज त्यांच्या सोबत चालत असे.

मुलांच्या बाजूने हेही सांगायला हवे. सरसकट सगळे विद्यार्थी विरोधात होते असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. ते खरे नाही. शरीररचनेच्या वर्गातली मुले या बायकांच्या बरोबरीने शिकत होती, आणि त्यांच्यातलीच मदतीला धावली. घराच्या दारावरची पाटी उपटणारे, रस्त्यात गाठून घाण बोलणारे मात्र बरेच होते. एडिथने पुढे वर्तमानपत्रात लिहिले की हे लोक आपल्या अश्लील बोलण्यात वैद्यकीय शब्द पेरतात, म्हणजे पोलिसाला कळू नये आणि तिला मात्र नीट कळावे. उच्च शिक्षणाचा असाही उपयोग.

दंगलीत सापडलेल्या तिघा विद्यार्थ्यांना एकेक पौंड दंड झाला. हा आकडा लक्षात ठेवावा.

जानेवारी १८७१ मध्ये इन्फर्मरीच्या देणगीदारांची सभा भरली. सोफिया बोलायला उभी राहिली. दंगलीत ख्रिस्टिसन यांचा सहायक पुढे होता आणि त्याची भाषा अशी होती की तो प्यायलेला होता असे धरले तरच ती क्षम्य ठरेल, असे ती म्हणाली. ख्रिस्टिसन सभेतच होते. सहायकाने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि हजार पौंड मागितले. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. अशा निकालाचा अर्थ कोणालाही कळेल: गेलेल्या अब्रूची किंमत ज्यूरीने दमडीच्या पलीकडे केली नव्हती. पण न्यायाधीशांनी कोर्टखर्च सोफियावर टाकला, आणि तो नऊशे पौंडांच्या वर गेला. दंगल करणाऱ्याला एक पौंड, दंगलीबद्दल बोलणारीला नऊशे. लोकांनी वर्गणी काढून ती रक्कम भरली. फार्दिंगचा निकाल वाचून जे खवळले, तेच वर्गणीदार झाले. विरोधकांनी दावा लावला नसता तर इतके पाठीराखे एका वर्षात मिळाले नसते.

बोलण्यात तिने संयम ठेवायला हवा होता का? तेव्हाही मित्रांत यावर दोन तट होते. सोफिया तापट होती, समोरच्याला दुखावून बसे, हे तिचे चाहतेही लपवत नाहीत. एडिथ शांत, मुद्द्याला धरून लिहिणारी. चळवळीला दोघी लागल्या. गोड बोलून इन्फर्मरीचे दार उघडले असते असा पुरावा मला तरी कुठे दिसत नाही.

इन्फर्मरीच्या निवडणुकीत पुढल्या वर्षी बायकांच्या बाजूचे व्यवस्थापक निवडून आले. त्यावर विरोधकांनी नवा मुद्दा काढला: देणगीदार म्हणून व्यापारी पेढ्यांनी दिलेली मते ग्राह्य नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्ष संपत आले तेव्हा पेढ्यांची मते वैध ठरली. परवानगी मिळाली ती अटींसह, मोजक्या वॉर्डांपुरती. तोवर विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी वर्ग नाकारून रस्ता बंद केलेला होता. ज्यांनी विद्यार्थिनींना पटावर घेतले त्यांच्यावर शिकवून पूर्ण करण्याची जबाबदारी आहे, असा दावा या बायकांनी विद्यापीठावर लावला. १८७२ मध्ये पहिल्या न्यायाधीशांनी मुख्यतः त्यांच्या बाजूने निकाल दिला. विद्यापीठाने अपील केले आणि जून १८७३ मध्ये न्यायाधीशांच्या बहुमताने निकाल फिरला. विद्यापीठाला बायकांना घेण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून त्यांचा प्रवेशच बेकायदा, आणि बेकायदा प्रवेशातून कसला हक्क निर्माण होणार! चार वर्षांचे शिक्षण, फी, परीक्षा, सगळे खात्यातून वजा.

या सात जणींना विद्यापीठाने पदवी दिली ती जुलै २०१९ मध्ये, मरणोत्तर. त्यांच्या वतीने ती स्वीकारली वैद्यकाच्या आजच्या विद्यार्थिनींनी. समारंभ देखणा झाला म्हणतात.

*

निकालानंतर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी ‘टाइम्स’मध्ये लिहिले की मुलींनी आता पॅरिसला जाऊन शिकावे, चांगले डॉक्टर होऊन दाखवावे, कायदा मागून येईल. सल्ला शहाणपणाचा होता. त्यांनी स्वतः तेच केले होते. सोफियाने जाहीरपणे विरोध केला. परदेशी पदवीवर नोंद मिळत नाही, आणि ज्या मुलीजवळ परदेशी जायला पैसे नाहीत तिने काय करायचे? माझ्या मते इथे सोफियाचे बरोबर होते. एकेकट्या हुशार, पैसेवाल्या बाईला वाट कुठूनही सापडते. शाळा लागते ती बाकीच्यांसाठी.

१२ ऑक्टोबर १८७४ ला लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनी चौदा, त्यांतल्या बारा एडिंबराहून आलेल्या. व्याख्याने झाली, पण पुन्हा तेच: परीक्षेला बसू देणारे मंडळ नाही आणि शिकायला वॉर्ड नाही. १८७६ मध्ये खासदार रसेल गर्नी यांच्या विधेयकाने मंडळांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. पुन्हा मुभाच, पण या वेळी डब्लिनच्या किंग अँड क्वीन्स कॉलेजने ती वापरली. रुग्णालयाचे काम योगायोगाने जुळले. शाळेचे पाठीराखे खासदार जेम्स स्टॅन्सफील्ड सुट्टीवर गेले असताना त्यांची गाठ रॉयल फ्री हॉस्पिटलच्या अध्यक्षांशी पडली. या रुग्णालयाला स्वतःची वैद्यकीय शाळा नव्हती आणि खाटा दीडशे होत्या. नियमाला तेवढ्याच लागत होत्या. बायका वॉर्डात दिसल्या तर देणगीदार पळतील ही तिथे धास्ती होती. तेव्हा शाळेने दरवर्षी ठरावीक रक्कम भरायची आणि देणग्या घटल्या तर तूट सोसायची, असा करार झाला. देणगीदार काही पळाले नाहीत. एडिंबरात सहा-सात वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी चिखल झेलला, ते इथे कराराच्या एका कागदावर मिळाले.

सोफिया आणि एडिथ यांनी जानेवारी १८७७ मध्ये बर्नला एम.डी. मिळवली आणि त्याच वर्षी डब्लिनचा परवाना घेऊन नोंदवहीत नावे घातली. मटिल्डा, एमिली आणि मेरी पॅरिसच्या एम.डी. झाल्या, मटिल्डा मधल्या काळात नवऱ्याबरोबर जपानला गेली आणि तिने टोकियोत सुइणींना शिकवले. इझाबेल थॉर्न डॉक्टर झालीच नाही. तिने लंडनच्या शाळेचे चिटणीसपद घेतले आणि आयुष्यातली पुढची वर्षे दुसऱ्यांच्या शिक्षणाचे हिशेब पाहण्यात घातली. या कथेत मला सर्वांत आवडते ते तिचे पात्र.

*

एडिथ पीची लीड्सला दवाखाना चालवत होती तेव्हा मुंबईत वेगळाच एक माणूस या प्रश्नाकडे वळला होता. जॉर्ज किट्रिज, अमेरिकन व्यापारी. मुंबईकर त्याला ट्रामवाला म्हणून ओळखत. १८७४ मध्ये कुलाबा ते पायधुणी धावू लागलेली घोड्यांची ट्राम त्याच्या कंपनीची. किट्रिज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. त्यांचे मागणे तीन पदरी होते: विलायतेहून बाई डॉक्टर आणायच्या, त्यांच्या ताब्यात बायकामुलांचे रुग्णालय आणि दवाखाना द्यायचा, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळवायचा. नुसता प्रवेश नाही आणि नुसते रुग्णालयही नाही, हे विशेष. एडिंबराला जे दोन तुकड्यांत तुटले होते ते या व्यापाऱ्यांनी पहिल्याच कागदावर जोडून मागितले.

१८४५ पासून चालत आलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८८३ मध्ये मुलींना खुले झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या वाटेला लागल्या होत्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून अधिक रुपये दिले. नोव्हेंबरात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते कामा हॉस्पिटलचा पाया घातला गेला आणि डिसेंबरात डॉ. एडिथ पीची मुंबईत उतरल्या. हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले. डॉक्टर बाया, परिचारिका बाया, कारभार बायांच्या हाती. ग्रँटच्या विद्यार्थिनींना वॉर्डात शिकण्यासाठी कोणाच्या मतदानाची वाट पाहावी लागली नाही.

पीचीबाई इथे बावीसएक वर्षे राहिल्या. परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली, बालविवाहाविरुद्ध बोलल्या, बायकांना कामाचा दाम पुरुषांइतकाच मिळावा म्हणून भांडल्या, प्लेगच्या साथीत काम केले. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १८८९ मध्ये त्यांनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केले. फिप्सन मद्याचे व्यापारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस. त्यांच्या कचेरीत धनेश पक्षी पाळलेला होता. ही सोसायटी १८८३ मध्ये ज्या आठ जणांनी स्थापन केली, त्यांत दोन हिंदी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन.

सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी नकार दिला. त्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, कोर्टात खेचल्यावर त्या चार वर्षे झुंजल्या. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम केला. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर टीका केली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या सगळ्या काळात पीचीबाई त्यांच्या पाठीशी होत्या आणि डॉक्टर व्हा, असे सुचवणाऱ्यांतही होत्या. पैशाचा प्रश्न राहिला. तो इंग्लंडमधल्या स्त्रीमताधिकाराच्या कार्यकर्त्या इव्हा मॅक्लॅरन आणि इतर स्नेह्यांनी उचलला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनीही पाचशे रुपये दिले.

१८८९ मध्ये रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. इझाबेल थॉर्न तेव्हा चिटणीस होत्या. वॉर्ड रॉयल फ्रीचे होते, तिथल्या कराराला बारा वर्षे झाली होती आणि दीडशे खाटांची चर्चा आता कोणी करत नव्हते. १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून त्या परत आल्या, आधी कामा हॉस्पिटलमध्ये काम केले, मग सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली आणि दोन दशकांहून जास्त काळ तिथे राहिल्या. त्यानंतर राजकोट. निवृत्त झाल्या तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या.